ब्रॉयलरला जवस आणि भाजलेलं सोयाबीन: मांस सुधारायचं तर काय करायचं, काय टाळायचं

पहिल्यांदा जवस वापरला तेव्हा मी तो आठव्या दिवसापासूनच सुरू केला, आणि तोही बारा टक्के. चांगली वस्तू जितकी लवकर आणि जितकी जास्त तितकी बरी, असा सरळ हिशोब. चार दिवसांत लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा, ओलं झालं, पिल्लांच्या मागच्या पिसांना चिकट विष्ठेचे गोळे लागले आणि साध्या खाद्यावरच्या कप्प्यातली पिल्लं वजनात पुढे गेली. जवस वाईट नव्हता, माझं वेळापत्रक आणि प्रमाण चुकलं होतं. ज्यांना हे पहिल्यांदाच करून बघायचंय, त्यांच्यासाठी आज मी ज्या क्रमानं करतो तो क्रम इथे लिहितोय.

आधी हे कळू द्या: काय बदलतं, काय बदलत नाही

गाय-म्हशीच्या पोटातले जिवाणू खाद्यातल्या तेलाचं रूप बरंच बदलून टाकतात. कोंबडीत हे होत नाही. तिनं जे तेल खाल्लं, त्यातली स्निग्धाम्लं बऱ्याच अंशी जशीच्या तशी तिच्या चरबीत जाऊन बसतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींमधल्या ओमेगा-३ चा असतो. तो खाद्यात आला की मांडीच्या मांसात आणि कातडीखालच्या चरबीत उतरतो. छातीच्या मांसात मुळात चरबीच थोडी, कातडी काढली तर शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे तिथला फरकही लहान असतो. ‘ओमेगा-३ चिकन’ म्हणून नुसती छातीच विकायची असेल तर हा मार्ग तितका कामाचा नाही.

माशाच्या तेलात असतात ती लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्लं, ईपीए आणि डीएचए, कोंबडी जवसापासून स्वतः बनवते खरी, पण फार थोडी. ती भरपूर हवी असतील तर माशाचं तेल किंवा समुद्री शैवाल लागतं, तेलबियांचं ते काम नाही.

तेल असंतृप्त असेल तर पोटातली चरबी कमी साठते, हा आणखी एक फायदा. जनावरांच्या चरबीवर वाढवलेल्या पक्ष्यांशी तुलना केली तर हा फरक प्रयोगांत वारंवार दिसलेला आहे. मात्र जी चरबी साठते ती मऊ आणि तेलकट असते, आणि कातडीसकट पॅक करताना ते हाताला जाणवतं.

मांस कोवळं होणं, छातीवरच्या पांढऱ्या रेषा जाणं, छाती लाकडासारखी घट्ट लागते ती सुधारणं, यातलं काहीही तेलबियांनी होत नाही. त्या तक्रारींचं मूळ मुख्यतः वाढीच्या वेगात आणि जातीत आहे. कुणी तसं सांगून काही विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

बी कोणतं घ्यायचं

नवख्या माणसाला मी दोनच बिया सुचवतो, जवस आणि सोयाबीन.

जवसात तेल सुमारे ४० टक्के आणि प्रथिनं २०-२४ टक्के. ओमेगा-३ साठी याच्या तोडीचं सहज मिळणारं बी क्वचितच. पण त्याच्यासोबत तीन कटकटी येतात. पहिली म्हणजे सालीतला बुळबुळीत चिकट पदार्थ. तो आतड्यात पाणी धरतो, पचन मंदावतो आणि लिटर ओलं करतो. दुसरी म्हणजे सायनाइड सोडणारी संयुगं. तिसरी कटकट लिनाटिन नावाच्या पदार्थाची, तो ब-६ जीवनसत्त्वाच्या आड येतो. प्रमाण कमी ठेवलं तर तिन्ही आटोक्यात राहतात.

सोयाबीन, म्हणजे तेल न काढलेलं अख्खं बी. तेल १८-२० टक्के, प्रथिनं ३६-३८ टक्के. त्याच्या तेलात ओमेगा-३ सात-आठ टक्केच असतं, म्हणून मांसाचा ओमेगा हिशोब त्यानं फारसा हलत नाही. पण वेगळं तेल न घालता खाद्याची ऊर्जा वाढते आणि तेल दाण्याच्या आत राहिल्यामुळे लवकर खवट होत नाही. अट एकच, कच्चं अजिबात द्यायचं नाही.

बाकीच्या बियांचं थोडक्यात. सूर्यफूल आणि करडई यांच्या तेलात ओमेगा-६ भरपूर, आणि टरफलामुळे तंतू जास्त. टरफलासकट द्यायचं तर जपून. प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपैकी तिळात मेथिओनिन चांगलं, लायसिन कमी. मोहरीत तिखट गंधाची संयुगं आणि इरुसिक आम्ल असतं, त्यामुळे ही दोन्ही कमी असलेलं कॅनोला वाण नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. सरकीत गॉसिपॉल हा विषारी पदार्थ असतो, तिला पूर्ण फाटा द्या.

शेंगदाण्यात प्रश्न बुरशीचा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं अचानक मेली. कारण कळेना म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव दिलं गेलं. शोध लागला तो शेंगदाण्याच्या पेंडीतल्या बुरशीचा, आणि अफ्लाटॉक्सिन हे नाव तिथूनच आलं. भुरकट, सुरकुतलेले, फुटके दाणे पाहिले की मला ही गोष्ट आठवते. चाचणी न केलेला शेंगदाणा मी खाद्यात घेत नाही.

पोतं उघडल्यावर

तेलबिया धान्यापेक्षा कोरड्या लागतात. मका १२-१३ टक्के ओलाव्यावर टिकतो, पण तेलाला पाणी धरून ठेवता येत नाही, त्यामुळे तेलबीच्या दाण्यातला सगळा ओलावा उरलेल्या भागात एकवटतो. म्हणून जवस ८-९ टक्क्यांच्या वर असला की पोत्यात गरम व्हायला लागतो. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. मधे उबदार लागलं तर ते पोतं परत पाठवा.

नंतर मूठभर जवस दगडावर किंवा खलात रगडून नाकाशी धरा. ताज्या जवसाला सुकामेव्यासारखा गोडसर वास येतो. बिघडलेल्याला ताज्या ऑइलपेंटचा वास येतो, आणि त्यात नवल नाही, कारण रंगात वापरतात ते तेल याचंच. हा वास एकदा ओळखीचा झाला की पहिल्या तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही.

बी अख्खंच साठवा. साल शाबूत असेपर्यंत आतलं तेल महिनोन्महिने चांगलं राहतं. भरडल्यावर मात्र दिवस मोजायला लागायचं.

सोयाबीन भाजणं

कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन रोधक प्रथिनांचं पचन अडवतो. पक्ष्याचं स्वादुपिंड जास्त पाचक रस काढायच्या नादात सुजतं, आणि वाढ खुंटते. हा रोधक उष्णतेनं मोडतो. दाणा आतपर्यंत ११५-१२० अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे, आणि भट्टीतून काढल्यावर लगेच पसरून थंड न करता वीस मिनिटं तरी झाकून ढिगात ठेवला पाहिजे. वरून करपला आणि आतून कच्चा राहिला, हीच चूक सगळ्यात जास्त होते. दहा दाणे दातानं फोडून बघा. आतला रंग सगळ्यांचा सारखा फिकट तपकिरी हवा, कच्च्या वालासारखी चव एकालाही नको.

खात्रीसाठी युरिएज चाचणी आहे. युरिएज हे विकर आणि ट्रिप्सिन रोधक साधारण एकाच उष्णतेला निकामी होतात, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधतात. प्रयोगशाळेच्या अहवालात पीएच मधली वाढ ०.०५ ते ०.२० असेल तर भाजणं बरोबर. त्याहून जास्त म्हणजे कच्चं, आणि शून्य म्हणजे बहुधा जास्त भाजलंय. जास्त भाजलं की लायसिन जळतं आणि आपण प्रथिनांचे पैसे देऊन कोळसा खाऊ घालतो. शेतावर करायची ढोबळ पद्धतही आहे. भरडलेलं बी, चमचाभर युरिया आणि थोडं पाणी झाकणाच्या बाटलीत हलवून वीस मिनिटं ठेवा. झाकण उघडताच अमोनियाचा झणका आला तर माल पुन्हा भट्टीत पाठवा. वापरलेली बाटली आणि उरलेला युरिया खाद्याच्या खोलीत ठेवू नका.

जवस भरडणं

अख्खा जवस दिला तर बरेचसे दाणे तसेच विष्ठेत दिसतील. गुळगुळीत आणि बारीक असल्यामुळे ते पेषणीतूनही निसटतात. म्हणून भरडायला हवा. पण नुसता जवस हॅमर मिलमध्ये टाकला की जाळी तेलानं लिंपून बंद पडते. मी तीन भाग मका आणि एक भाग जवस आधी फावड्यानं मिसळून मगच मिलमध्ये सोडतो. मका तेल शोषतो आणि जाळी मोकळी राहते. जाळी दोन-तीन मिलिमीटरची. भरडा मुठीत दाबला तर लाडू होऊन लगेच फुटला पाहिजे. फुटलाच नाही तर मका वाढवा.

एकदा भरडलं की आठवड्यात संपेल एवढंच. पोत्यावर भरडल्याची तारीख लिहायची. खनिज मिश्रणातलं लोह आणि तांबं तेल खवट होण्याला हातभार लावतं, म्हणून जवसाचा भरडा आणि खनिज मिश्रण आधीच एकत्र करून ठेवू नका, खाद्य बनवायच्या दिवशीच मिसळा.

भरडलेला जवस गार पाण्यात भिजवून ठेवायचा आणि मग घालायचा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दाणा फुटला आणि पाणी लागलं की त्यातलं विकर जागं होऊन सायनाइड सुटायला लागतं. खाद्य कोरडंच द्या. एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दाब आणि उष्णता देणाऱ्या यंत्रातून, काढलेला जवस मिळाला तर सगळ्यात उत्तम, उष्णतेनं ती संयुगंही कमी होतात आणि पचनही सुधारतं.

खाद्यात जागा करणं

इथे नवखे हमखास अडखळतात. पाच टक्के जवस म्हणजे तयार फिनिशरच्या (कापणीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याच्या) शंभर किलोंवर पाच किलो ओतणं नव्हे. तसं केलं की ऊर्जा, प्रथिनं, कॅल्शियम सगळ्यांचं गणित विरळ होतं. काहीतरी काढून जागा करायची.

शंभर किलो फिनिशर धरू. पाच किलो जवसातून साधारण १.१ किलो प्रथिनं येतात. दोन किलो सोयापेंड (४६ टक्के प्रथिनांची) आणि दोन किलो मका काढला की जवळजवळ तेवढीच प्रथिनं गेली. पाचवा किलो वेगळ्या घातलेल्या तेलातून कमी करायचा. आता कुणी म्हणेल, पाच किलो जवसात दोन किलो तेल आहे, मग तेल दोन किलो का नाही काढायचं? कारण जवसातलं सगळं तेल पक्ष्याच्या पदरात पडत नाही. चिकट पदार्थामुळे काही न पचता जातं. कागदावरची ऊर्जा धरून तेल काढलं की पक्षी जास्त खातो, वजन मात्र तेवढंच.

प्रथिनं जुळली तरी लायसिन जुळत नाही, जवसाच्या प्रथिनात ते सोयापेक्षा कमी असतं. वरच्या अदलाबदलीत शंभर किलोमागे वीस-पंचवीस ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड घातलं की खड्डा भरून निघतो. ब-६ जीवनसत्त्व प्रीमिक्समध्ये, म्हणजे जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणात, किती आहे तेही एकदा वाचा आणि जवस सुरू असेपर्यंत थोडं वरचढच ठेवा.

सोयाबीनचं गणित सोपं आहे. दहा किलो भाजलेलं सोयाबीन म्हणजे साधारण आठ किलो सोयापेंड आणि दोन किलो तेल. तेवढं काढा, हे घाला. फिनिशरमध्ये दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत ते निर्धास्त जातं.

जवस पाच टक्क्यांवर ठेवा. दहा टक्क्यांनी मांसात ओमेगा-३ आणखी वाढेल, पण वाढीला फटका बसायला लागतो आणि मांसाला माशासारखा वास येण्याची शक्यता वाढते. तसं पाच टक्केही थोडं नाही. मका-सोयाच्या नेहमीच्या खाद्यात ओमेगा-६ हे ओमेगा-३ च्या दहापट किंवा त्याहून जास्त असतं, पाच टक्के जवसानं ते दोन-अडीचपटीवर येतं.

ई जीवनसत्त्व: हे वगळायचं असेल तर जवसही वगळा

ओमेगा-३ ची स्निग्धाम्लं हवेला फार हळवी असतात. मांसात ती वाढवली की मांसही लवकर खवट होतं. पक्षी कापला त्या दिवशी काहीच कळत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस ठेवल्यावर, किंवा शिजवलेलं मांस दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर शिळकट, पुठ्ठ्यासारखा वास येतो. गिऱ्हाईक परत येत नाही ते अशा वासामुळे, आणि कारण आपल्याला सांगतही नाही.

यावर उपाय पक्ष्याच्या अंगातच साठवायचा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या तक्त्यात ब्रॉयलरची ई जीवनसत्त्वाची गरज खाद्याच्या किलोमागे फक्त १० एकक (साधारण १० मिलिग्रॅम) दिली आहे. ती पक्षी निरोगी राहण्यापुरती. मांस टिकवायला किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅम लागतं. मी २०० धरतो. म्हणजे शंभर किलोला वीस ग्रॅम, आणि बाजारातली पावडर बहुधा ५० टक्क्यांची असते म्हणून प्रत्यक्षात चाळीस ग्रॅम. एवढीशी पावडर शंभर किलोंत थेट टाकली तर एका कोपऱ्यात पडून राहते. आधी किलोभर मक्याच्या पिठात, मग ते पाच किलोंत, आणि मग सगळ्या खाद्यात मिसळा.

स्नायूंत ई जीवनसत्त्व साठायला वेळ लागतो, म्हणून ते जवसाच्या आधी सुरू करायचं. कापणीच्या तीन-चार आठवडे आधी. सेलेनियमही बघून घ्या, पण स्वतःच्या हातानं वाढवू नका. गरज आणि विषबाधा यांत त्याचं अंतर फार कमी आहे.

कोणत्या दिवशी काय

पक्षी चाळिसाव्या दिवशी जाणार असं धरून माझं वेळापत्रक असं आहे.

पहिले दोन आठवडे जवस नाही, अख्खं सोयाबीनही नाही. लहान पिल्लात चरबी पचवणारं विकर आणि पित्त दोन्ही अजून तुटपुंजी असतात. माझ्या पहिल्या बॅचचं तिथेच बिनसलं. पंधराव्या दिवसापासून वाढीव ई जीवनसत्त्व. विसाव्या दिवसाच्या पुढे भाजलेलं सोयाबीन. सव्विसाव्या दिवशी जवसाच्या खाद्याची सुरुवात. पहिल्या दिवशी जुन्या खाद्यात पाव भाग, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पाऊण, आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण. कापणीपर्यंत बारा दिवस मिळतात, आणि तेवढे पुरतात. या वयात पक्षी इतक्या वेगानं वाढतो की त्याच्या शेवटच्या वजनाचा मोठा हिस्सा याच दिवसांत तयार होतो, म्हणून चरबीचा तोंडवळाही याच दिवसांत बदलतो. शेवटच्या दोन आठवड्यांत एक पक्षी दोन-सव्वादोन किलो खाद्य खातो, म्हणजे पक्ष्यामागे जवस लागतो फक्त शंभर ग्रॅमच्या आसपास. महिनाभर खाऊ घालण्याचा खर्च विनाकारण आहे.

कापणीआधी नेहमीप्रमाणे आठ ते बारा तास खाद्य बंद, पाणी चालू.

शेडमध्ये नजर कुठे ठेवायची

जवस सुरू केल्यावर पहिले चार दिवस सकाळी लिटरची मूठ वळून बघा. मुठीत गोळा होऊन तसाच राहिला तर ओलावा वाढलाय. लिटर हलवा, ओला भाग काढा, जवस तीन टक्क्यांवर आणा. तंतुमय पदार्थ पचवणारी विकरं खाद्यात असतील तर हा त्रास बराच कमी होतो. खाद्याची भांडीही बघा. तळाशी बारीक तेलकट थर साचत असेल तर पक्षी तो टाळतायत, आणि जवस नेमका त्याच थरात आहे. भांडी रोज रिकामी होऊ द्या. खाद्याची नळी आणि टाकीच्या कडांना चिकटलेला जुना भरडा खरवडून काढा, तोच सगळ्यात आधी खवट होतो.

पक्षी विनाकारण दचकून धावत असतील, झटके देत असतील तर ब-६ चा संशय घ्या आणि पशुवैद्याला दाखवा. पण त्याआधी प्रमाण खरंच पाच टक्केच आहे ना ते तपासा. माझ्याकडे एकदा गड्यानं चुकून जवसाचं माप दोनदा घातलं होतं.

उपयोग झाला का, हे कसं ओळखायचं

सगळी बॅच एकदम जवसावर घालू नका. त्याच शेडमध्ये जाळी लावून पन्नास-साठ पक्षी नेहमीच्या खाद्यावर ठेवा, नाहीतर तुलना करायला काहीच उरत नाही. दोन्हींकडचं खाद्य, वजन आणि मरतूक वहीत वेगवेगळी मांडा.

मांसाची परीक्षा जिभेनं घ्या. दोन्हीकडच्या मांड्या फक्त मीठ घालून उकडा. मसाला घातला की परीक्षा संपली. तीन बशा ठेवा, दोनमध्ये एकाच गटाचं मांस, तिसरीत दुसऱ्याचं, आणि खाणाऱ्याला फक्त एवढंच विचारा की यातली वेगळी कोणती. पाच-सहा जणांना बशांचा क्रम बदलून द्या. बहुतेकांना ओळखता आलं नाही तर ती चांगली बातमी आहे, म्हणजे जवसाचा वास उतरलेला नाही.

स्निग्धाम्लांचे आकडे हवेत तर मांडीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो, वास आणि चव ते सांगू शकत नाहीत. पाकिटावर ओमेगा-३ लिहायचं असेल तर आपल्याकडचा नियम आधी वाचा. अंदाजासाठी, युरोपीय संघात ‘ओमेगा-३ चा स्रोत’ म्हणायला शंभर ग्रॅमला आणि शंभर किलोकॅलरीला, दोन्ही हिशोबांनी, किमान ०.३ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल किंवा ईपीए-डीएचए मिळून ४० मिलिग्रॅम लागतं.

आणि दोन्ही गटांच्या चार-चार मांड्या तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवून द्या. दोन महिन्यांनी त्याच तीन बशा पुन्हा मांडा. या वेळी त्या माणसांनी जवसाची बशी वासावरून लगेच उचलली, तर पुढच्या बॅचला जवस तीन टक्के करा, आणि ई जीवनसत्त्वाची पावडर खरंच नीट मिसळली जाते का ते स्वतः उभं राहून बघा.